जीर्ण कशास म्हणावे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आपल्याकडे फारसे न शिकलेल्या माणसासही ठाऊक असतो. त्या दृष्टान्ताच्या उत्तरार्धावर, म्हणजे देह व देही यांच्या संबंधावर, आचार्यांपासून आजतागायत अनेकांनी लिहिले. परंतु पूर्वार्धाविषयी कोणी शंका काढल्याचे आमच्या वाचनात नाही. वस्त्र जीर्ण झाले म्हणजे मनुष्य ते टाकतो, यात शंका काढण्यासारखे त्यांना काही दिसले नाही, व ते योग्यच होते. वस्त्राची जीर्णता डोळ्यांना दिसते. कोपर विरते, शिवण दोरा धरीनाशी होते, शिंपी कापड उजेडाकडे धरून पाहतो आणि काही न बोलता परत देतो. तेथे वादास जागाच नसते.

सांप्रत मध्यमवर्गीय घरात अशी एक वस्तू आली आहे की, तिच्या बाबतीत हा पूर्वार्धच वादग्रस्त होऊन बसला आहे. ती वस्तू म्हणजे मेजावरचा संगणक. तो विरत नाही, फाटत नाही. दहा वर्षांपूर्वी एखादी बेरीज जितक्या वेळात करीत असे तितक्याच वेळात आजही करतो. तरीसुद्धा त्याचा मालक एके दिवशी म्हणू लागतो की, हा आता जुना झाला. जुना झाला म्हणजे त्याचे नेमके काय झाले? तो बदलणे केव्हा युक्त व केव्हा अयुक्त? प्रश्न दिसावयास बाजारातला आहे, आणि बहुतेक लोक तो दुकानदाराच्या स्वाधीन करून मोकळे होतात. आमच्या मते तो नीतीचाही प्रश्न आहे. आणि ज्याचा लाभ एकाच उत्तरात आहे अशा मनुष्याच्या स्वाधीन तो करणे हे तर शहाणपणाचेही नव्हे.

आमच्यापुढे हा प्रश्न मोहने गावी आला. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली स्टेशन लागते. तेथून जवळच, उल्हास नदीच्या अंगाला हे गाव आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्याने या गावाला अर्धशतकाहून अधिक काळ पोसले. २००९ साली तो बंद पडला. त्या कारखान्यात धागा काढण्याच्या खात्यात पंचवीस वर्षे फिटर म्हणून काम केलेले एक गृहस्थ आमचे शेजारी आहेत. २०२३ सालच्या पावसाळ्यात ते एक कागद हाती घेऊन आमच्याकडे आले. त्यांची मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरात २०१६ साली घेतलेला संगणक होता. तो सकाळी चालू केला की चहा होऊन पिऊन झाला तरी कामास लागत नसे. दुकानदाराने पाहून सांगितले की, हा आता गेला, नवाच घ्या. आणि अठ्ठेचाळीस हजारांचा आकडा त्या कागदावर लिहून दिला.

"सर, तुम्ही शिकलेले. एवढा खर्च करू का? एफडी मोडावी लागंल."

आमची विद्या तत्त्वज्ञानाची. यंत्राच्या पोटात काय असते याचे आमचे ज्ञान त्या वेळी बेताचेच होते; परंतु उपदेश करण्यास ज्ञान लागतेच असे नाही. पातंजल योगातील यमांपैकी अपरिग्रह हा आमचा आवडता. तेव्हा आम्ही गंभीर मुद्रेने सांगितले की, आहे त्यात भागवावे. गरज वाढविली की ती वाढतच जाते. गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "भागवायचं ते कळलं सर. पण अडतंय कुठं, ते तर आधी बघू."

या वाक्याने आमच्या उपदेशाची हवा काढून घेतली, आणि पुढे जे काही या विषयात आम्हांस सुचले त्याचे मूळही याच वाक्यात आहे. म्हणून ते आले कोठून, हे सांगावयास हवे. रेयॉनचा धागा करताना लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवितात, पिळतात, कुसकरतात, मुरत ठेवतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवितात. ते पुन्हा सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवून मधासारखा दाट रस करतात. तो गाळतात, पिकू देतात, आणि अखेरीस अतिसूक्ष्म छिद्रांच्या तोटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात, तेव्हा कुठे त्याचा धागा होतो. एवढ्या लांब साखळीत धागा कमी निघू लागला म्हणजे नवशिका मनुष्य पंपाकडे धावतो व पंपाचा जोर वाढवा म्हणतो. छिद्रेच तुंबलेली असतील तर पंपाच्या जोराने काय होणार? जुना फिटर आधी प्रत्येक ठाण्यावर जाऊन पाहतो की, माल कोठे साचला आहे. जेथे साचला त्याच्या पुढचे ठाणे दोषी. बाकीची ठाणी कितीही जुनाट दिसोत, त्यांना हात लावू नये.

हेच तत्त्व जीन ॲम्डाल या अमेरिकन यंत्ररचनाकाराने १९६७ साली मांडले, आणि ते आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याचा विषय एका कामावर अनेक प्रोसेसर लावण्याचा होता. परंतु तात्पर्य सर्वत्र लागू पडते. कामाचा जो भाग तुम्ही सुधारला नाही, तोच तुमच्या सुधारणेची सीमा ठरवितो. समजा, एका कामास शंभर सेकंद लागतात. पैकी ऐंशी डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातात व वीस प्रोसेसरच्या प्रत्यक्ष आकडेमोडीत. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर वीसचे दहा होतील आणि शंभराचे नव्वद. प्रोसेसर तसाच ठेवून वाट पाहण्याचा काळ वीसपट कमी केला, तर ऐंशीचे चार होतील आणि शंभराचे चोवीस. पहिल्या उपायाला पैसे अधिक, दुसऱ्याला कमी. आणि दुकानाच्या फलकावर मात्र पहिल्याचेच नाव मोठ्या अक्षरांत!

त्या संध्याकाळी मुलीने संगणकातील टास्क मॅनेजर उघडून दाखविला. प्रोसेसर जवळजवळ निजलेला होता; डिस्क मात्र शंभर टक्के कामात गुंतल्याचे दिसत होते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा, आणि वाचणारी सुई एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावी लागते. प्रत्येक शोधास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा काळ क्षुल्लक खरा. पण संगणक जागा होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, आणि तोच शोध तिच्यात त्याच्या शंभराव्या हिश्शात होऊ शकतो. एक एसएसडी व चार जीबीची आणखी एक रॅम, एवढेच घेतले. खर्च चार हजारांच्या आत झाला. गृहस्थांनी पेचकस घेऊन ते स्वतः बसविले. आम्ही विजेरी धरली. संगणक चाळीस सेकंदांत जागा झाला. (त्या वेळी रॅम स्वस्त होती, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. 'थांबा, किमती उतरतातच' असे सांगणाऱ्यांस २०२५ च्या अखेरीस रॅमच्या भडकलेल्या भावाने चांगलेच खोटे पाडले.)

आपल्या भाषेत यास एक जुना व सुंदर शब्द आहे: जीर्णोद्धार. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर देवळांचे जे जीर्णोद्धार केले त्यांत दगड बदलले, शिखरे बदलली, काही ठिकाणी अवघे देऊळच नवे उभे राहिले; तरी लोक त्यास नवे देऊळ म्हणाले नाहीत. दैवत तेच होते. मेजावरच्या संगणकाचे वैशिष्ट्य असे की, तो जीर्णोद्धारास अनुकूल आहे. पेटी उघडते, भाग निघतात व बसतात. हल्लीच्या पुष्कळशा लॅपटॉपांत रॅम मुळातच पाटीला डाग देऊन बसविलेली असते. तेथे जीर्णोद्धाराची वाट कारखान्यातच बंद होते. पण मग संगणकातील दैवत कोणते? डिस्क बदलली, रॅम बदलली, उद्या प्रोसेसर व मदरबोर्ड बदलला, तरी 'आमचा संगणक' असे आपण कशास म्हणतो? आमच्या मते त्यावर चालणाऱ्या कामास. मुलीच्या वह्या, तिचे हिशेब, तिने अर्धवट टाकलेली एक गोष्ट, हे दैवत. तेव्हा देऊळ जीर्ण झाले की नाही याची परीक्षा विटेवरून न करता, दैवताची पूजा अडते की नाही यावरून करावी.

या प्रसंगानंतर काही महिने आम्ही मोठ्या उत्साहाने 'नवे घेऊ नका' असा प्रचार करीत हिंडलो. ज्यास त्यास ॲम्डाल सांगितला. परंतु एका रात्री एक जुनी गोष्ट आठवली, आणि प्रचार थंडावला. ती गोष्ट सांगण्यात आम्हांस काही भूषण नाही.

आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे काही वर्षे विभागप्रमुखाचे काम आमच्याकडे होते. विभागाच्या कचेरीत एक जुना संगणक होता व त्यावर काम करणाऱ्या एक लिपिक बाई होत्या. नवा संगणक मिळावा असा अर्ज त्यांनी दोनदा केला. दोन्ही वेळा आम्ही त्यावर 'सध्याचे यंत्र चालू स्थितीत आहे' असा शेरा मारून तो परत पाठविला. शेरा खरा होता. यंत्र चालू स्थितीत होतेच. संस्थेचा पैसा आम्ही वाचविला, याचे आम्हांस समाधान वाटे, आणि एकदा सभेत त्याचा उल्लेखही आम्ही केला होता. परीक्षेच्या दिवसांत बाई संध्याकाळी उशिरापर्यंत बसत. विचारले तर म्हणत, "जरा वेळ लागतो, सर." तो 'जरा वेळ' किती, हे आम्ही कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब केला. एका विद्यार्थ्याची नोंद उघडावयास चाळीस सेकंद लागत; विद्यार्थी सहाशे. चोवीस हजार सेकंद. म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे, आणि तीही एका फेरीला. अशा फेऱ्या प्रत्येक सत्रात तीन चार होत. बाई बदलापूरहून येत. घरी त्यांची लहान मुले होती, एवढे आम्हांस ठाऊक होते.

आम्ही ज्यास काटकसर म्हणत होतो ती दुसऱ्याच्या संध्याकाळी खर्चून केलेली होती. अपरिग्रह हा यम आहे. तो स्वतःवर घालून घ्यावयाचा असतो, दुसऱ्यावर नव्हे. आमच्या मेजावर त्या वेळी जे यंत्र होते ते मंद असते तर आम्ही तोच शेरा मारला असता काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. संगणक बदलावा की नाही याचा निर्णय आपल्या बहुतेक संस्थांत, आणि पुष्कळ घरांतही, जो त्याच्यापुढे बसत नाही तोच करतो; आणि जो बसतो त्यास आपला खोळंबा कागदावर मांडता येत नाही, कारण वेळाची पावती कोणी देत नाही. अठ्ठेचाळीस हजार रुपये दिसतात. सहा तास चाळीस मिनिटे दिसत नाहीत.

यंत्रांविषयी कडवे लिहिणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. त्यांचे म्हणणे असे की, सिंगरने आपल्या पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी ते यंत्र घडविले. सिंगरच्या चरित्राशी ही कथा कितपत जुळते हा भाग सोडून देऊ. कसोटी मात्र आम्हांस मोलाची वाटते. हे यंत्र कोणाच्या पाठीचे कष्ट उतरविते, त्या माणसाचे नाव सांगता येते काय? आमच्या विभागात ते सांगता आले असते. आम्ही ते विचारले नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग दर तीन वर्षांनी सर्वांस नवी यंत्रे द्यावीत. तसे नाही, आणि दुसऱ्या बाजूचा मोह पहिल्याहून कमी घातक आहे असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. मोह येतो तो शेजारच्या घरातून. मुलाने मित्राकडे काचेच्या पेटीत रंगीत दिवे लुकलुकणारा संगणक पाहिलेला असतो, आणि घरी आल्यावर कालपर्यंत पुरेसे वाटणारे यंत्र त्यास मंद वाटू लागते. यंत्र काल जितके होते तितकेच आज आहे. जीर्ण झाले ते समाधान. शिवाय यंत्र मंद होण्यात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचाही हात असतो. पास्कल ही संगणकभाषा रचणाऱ्या निक्लाउस विर्थ या स्विस पंडिताने १९९५ साली तक्रार केली होती की, यंत्रे जितकी वेगवान होतात त्याहून अधिक वेगाने प्रोग्राम सुस्त होतात. जागा मुबलक मिळाली की लिहिणारा उधळेपणाने लिहितो, आणि त्या उधळेपणाचे बिल मोहन्यातल्या फिटरकडे येते.

यंत्राचे वय जगाच्या पंचांगावरून मोजू नये याचे एक थोर उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक उभारला. त्याचा छोटा नमुना १९५६ साली चालू झाला, पूर्ण यंत्र १९६० साली. आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. वास्तविक तोवर पाश्चात्य देशांत ट्रान्झिस्टरांवर चालणारी यंत्रे येऊ लागली होती. म्हणजे जगाच्या पंचांगाने पाहिले तर बारशाच्या दिवशीच बाळ म्हातारे होते. त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची. तरीही शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षे गणिते सोडविली, आणि या देशातील संगणकविद्येची पहिली पिढी त्याच्यापुढे बसून घडली. ज्या दिवशी ते कालबाह्य होते त्याच दिवशी ते पुरेसेही होते. मग १९६४ साली त्याच संस्थेने सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र आणले. हेही योग्यच झाले, कारण गणिते मोठी झाली होती. टिफ्रॅकला त्यात कमीपणा नव्हता. एकाच घरात, चार वर्षांच्या अंतराने, जुने चालविणे व नवे आणणे हे दोन्ही निर्णय बरोबर ठरले. दोहोंतील फरक यंत्राच्या वयाचा नव्हता, कामाचा होता.

नव्याचा विचार करताना जुन्याचे काय होणार, हे आपण सहसा विचारीत नाही. फाटके धोतर पुसणे होते, पुसण्याचे पोतेरे होते, पोतेऱ्याची माती होते. संगणकाची माती होत नाही. त्याच्या पाट्यांत तांबे, कथील, थोडे सोने आणि जुन्या पाट्यांत शिसेही असते; ते काढण्यासाठी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये व उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत गरीब माणसे तारा जाळीत व पाट्या आम्लात बुडवीत आली आहेत, आणि तो धूर त्यांच्याच छातीत जातो. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. उत्पादकांनी ठरावीक प्रमाणात कचऱ्याचे पुनश्चक्रण घडवून आणावे, अशी जबाबदारी त्यांत आहे. नियम चांगला आहे. परंतु भंगारवाला दारात तराजू घेऊन उभा राहतो तेव्हा तो नियम आपल्यापैकी किती जणांस आठवतो? जुना संगणक तीनशे रुपयांस देऊन आपण जिना चढतो, आणि पुढचे आपल्या नजरेआड होते. पूर्वोक्त लिपिक बाईंच्या संध्याकाळप्रमाणेच हाही असा खर्च आहे की जो निर्णय करणाऱ्याच्या वहीत चढत नाही.

असो. मोहन्याची हकीकत अजून पुरी झालेली नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात गृहस्थ पुन्हा आले. या वेळी मुलगी बरोबर होती. ती पदवीधर होऊन गावातल्या पाचसहा दुकानदारांचे हिशेब घरी बसून लिहीत होती. संगणक उत्तम चालत होता. पण पडद्यावर सूचना झळकत होती की, विंडोज १० या प्रणालीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ साली आली. परंतु तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा, असावा लागतो. यांचा सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्रात बिघाड नाही, वेग पुरेसा, काम अडत नाही. तरी एका परदेशी कंपनीने तारीख घालून त्यास म्हातारे ठरविले.

आम्हांस संताप आला, व तो आम्ही व्यक्त केला. १९२४ साली जगातील मोठ्या दिवा-उत्पादकांनी फीबस नावाचा संघ करून विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचे ठरविले होते; ती कथा आम्ही त्या दोघांस सविस्तर ऐकविली. ही जीर्णता खरी नव्हे, घोषित आहे. घोषणेला भीक घालू नये. इंटरनेटवर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी, अथवा कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जी वाढीव मुदत देऊ केली होती ती घ्यावी व स्वस्थ बसावे, असे आमचे मत पडले.

मुलगी म्हणाली, "काका, माझं एकटीचं असतं तर मी तेच केलं असतं. पण यात लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत. बँकेची स्टेटमेंट आहेत. उद्या कोणी आत शिरलं तर नुकसान माझं नाही होणार, त्यांचं होणार. आणि माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. मुदत घेतली तरी वर्षाने हाच प्रश्न."

आम्ही निरुत्तर झालो. ज्या चुकीची कबुली आम्ही वर दिली आहे, तिच्याच शेजारची चूक आम्ही पुन्हा करीत होतो. कंपनीवरचा आमचा राग न्याय्य होता, आणि आजही आहे; धडधाकट यंत्रांस तारखेने बाद करणे हा अन्याय आहे, आणि त्याचा भुर्दंड गरिबास व मातीस बसतो. परंतु तो राग आम्ही कोणाच्या खर्चाने व्यक्त करणार होतो? किराणावाल्याच्या बँकखात्याच्या! स्वतःचा धोका मनुष्याने तत्त्वासाठी अवश्य पत्करावा. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली वस्तू तत्त्वासाठी उघड्यावर ठेवण्याचा अधिकार त्यास नाही. २०२३ साली त्याच यंत्रावर वह्या होत्या, तेव्हा ते जीर्ण नव्हते. दोन वर्षांनी त्यावर लोकांच्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या आल्या, आणि आता ते जीर्ण झाले. त्यातला एक स्क्रूही मधल्या काळात झिजला नव्हता.

तिने आपल्या कमाईतून एक बेताचा नवा संगणक घेतला. दिवे लुकलुकणारा नव्हे. घेताना रॅमची एक खाच रिकामी आहे की नाही हे तिने पेटी उघडवून पाहिले, तेव्हा दुकानदार जरा नाराज झाला असे तिचे वडील सांगत होते. जुन्या संगणकातून दुकानदारांचे सर्व कागद पुसून तो त्यांनी खिडकीपाशी लहान टेबलावर मांडला आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. गावातल्या भजनी मंडळाच्या जमाखर्चाची वही आणि म्हणावयाच्या अभंगांची यादी ते त्यावर एका बोटाने टंकतात. २०२३ साली काढलेली जुनी हार्ड डिस्क मात्र अद्याप कपाटात आहे. तिच्यात जुने फोटो आहेत, आणि ती कोणाकडे द्यावी हे अजून ठरलेले नाही.

परवा ते पुन्हा आमच्याकडे आले. "सर, जुन्याला चालू करताना बटण तीनदा दाबावं लागतंय."

आम्ही शिकलेल्या धड्यास जागून विचारले, "अडतंय कुठं?"

"पॉवर सप्लाय," ते म्हणाले. "ते मी बघितलं. दुकानदार पंधराशे सांगतोय. भजनी मंडळाच्या खात्यातून घ्यावे का आपल्या खिशातून, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं."